अळणी पाहुणा

मोगलाईतला माणूस आणि उघडी कोठी, दोन्ही एका घरात ठेवू नयेत असं रुख्मिणीचं ठाम मत होतं. आणि आता हेडमास्तरांनी नेमका मोगलाईतला माणूस तिच्या ओसरीवर आणून बसवला होता!

वाशीमची शाळा आणि पैनगंगेपलीकडची, निजामाच्या मुलखातली एक शाळा, अशा दोन शाळांनी मिळून हे खूळ काढलं होतं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण नदीपलीकडे म्हणजे मोगलाई, हे वऱ्हाडात अजून कोणाच्या डोक्यातून गेलं नव्हतं. तिकडची मॅट्रिकची पाच पोरं आठवडाभर इकडे, मग त्यांच्याच सोबत इकडची पाच तिकडे. राहायचं एकमेकांच्या घरी. इकडे गणिताचे मास्तर चांगले, तिकडे रसायनाची प्रयोगशाळा. रुख्मिणीच्या रामकिसनने सायन्सला जायचं मनात घेतलं होतं, आणि काचेची नळीसुद्धा न पाहिलेल्या पोराला सायन्सला कोण विचारतो? जाणं भाग होतं. पण पोरगा एकुलता एक. रझाकारांच्या दिवसांत तिचा नवरा जगदेव कापसाची गाडी घेऊन पलीकडे गेला, तो बैल गमावून आणि उजवा हात मोडून घेऊन परतला. तो हात अजून सरळ होत नव्हता. त्याच वाटेने पोर पाठवायचं?

"आधी मी त्याईचं पोट्टं पाह्यतो," ती हेडमास्तरांना म्हणाली होती. "मंग सांगतो, आमचं येईन का नाही ते."

तर त्याईचं पोट्टं म्हणजे हा फुलचंद. हडकुळा, मान खाली, विचारलं तेवढंच बोलणारा. झोपताना पिशवी डोक्याखाली घ्यायचा. हे सगळं तिने एक वेळ सोडून दिलं असतं. खरी गोम होती जेवणात. वरण वाढलं, नको. ठेचा, नको. वांग्याची भाजी, तीही नको. भाकरी मात्र दूध-गुळात कुस्करून चार-चार हाणायचा.

"काहून रे, भाजी काहून नाही खात?"

"पोट बरं नाही, मावशी."

पोट बरं नाही म्हणे! चार भाकरी जिरवणारं पोट! रुख्मिणीला कळायचं ते कळलं. पोरगा मीठ टाळत होता. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी करू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग ज्याला बेइमानीच करायची आहे, तो मीठ कशाला खाईल?

"मी सांगतो तुमाले, त्याच्या पोटात पाप आहे," ती जगदेवला म्हणाली.

"लेकरू आहे वं ते."

"तुमचा हात ज्यानं मोडला, तोबी कोनाचं तरी लेकरूच व्हता."



पण पोराचं सायन्स काही अडवता येईना, म्हणून दोन्ही पोरं निघायच्या दिवशी सकाळी तिने आपल्या परीने बंदोबस्त केला. भाकरीच्या पिठात तिच्या घरी कधी मीठ पडलं नव्हतं. आज तिने कोणाला न सांगता घातलं. एकदा याच्या पोटात आपलं मीठ गेलं की रामकिसनच्या केसाला धक्का लावायची याची टाप नाही, असं तिने मनाशी धरलं.

फुलचंदने भाकरी दुधात कुस्करली, एक घास गिळला. दुसरा हातातच राहिला. त्याने ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तो मिसरूड फुटलेला पोरगा ढसाढसा रडायला लागला.

"भाकरीत मीठ घातलं का, मावशी?"

"घातलं. आता बोल, काहून टाळत व्हता?"

"मायनं नवस केलाय. मी सुखरूप माघारी येईस्तोवर तिनं मीठ सोडलंय. मी बी सोडायचं, अन् कोणाला सांगायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. तिला लई भेव वाटतं."

"कायचं भेव? नदीचं?"

"नाही, तुमचं," तो म्हणाला. "रझाकारांच्या धामधुमीत माझा मामा तुमच्या वऱ्हाडात पळून आला होता. तो माघारी आलाच नाही."

रुख्मिणीला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापले. तिने कधी न पाहिलेली एक बाई नदीपलीकडे अळणी जेवत होती, रुख्मिणीसारख्यांच्याच धास्तीने. आणि त्या बाईचा नवस तिने एका चिमटीत मोडून टाकला होता.

पोरांना न्यायला मोटार आली, तेव्हा रुख्मिणीही पदर खोचून आत चढली. हेडमास्तर बघतच राहिले.

"पोट्ट्यानं नवस नाही मोडला, म्या मोडला," ती म्हणाली. "त्याच्या मायले हे म्याच सांगन."

फुलचंदची आई पंचफुला दारातच उभी होती. रुख्मिणीने पायरीखाली उभं राहून सगळं सांगून टाकलं. आपल्या मनात काय काय आलं होतं तेही लपवलं नाही. पंचफुलाने आधी आपला पोरगा डोक्यापासून पायापर्यंत चाचपला. मग रामकिसनकडे पाहिलं, बराच वेळ.

"ह्यो तुमचा का?"

"माहा. एकुलता एक."

"मास्तरानं ह्याला दुसऱ्याच्या घरी ठेवायचं ठरवलंय. तिकडं नको. ह्यो माझ्याच घरी राहील."

रुख्मिणीने तिचं तोंड निरखून पाहिलं. ही माया होती की पोराला ओलीस ठेवायची भाषा होती, तिला काही उमगेना. मोटारवाला परत निघायला भोंगा वाजवत होता. विचारावं असं अगदी जिभेवर आलं होतं. पण विचारायचं कोणत्या तोंडाने?

तिने रामकिसनची वळकटी उचलली आणि स्वतः पायरी चढून पंचफुलाच्या ओसरीवर नेऊन ठेवली.

"याले तिखट सोसत नाही, बाई," ती म्हणाली आणि मागे न बघता मोटारीत जाऊन बसली.