दोन पेट्या, दोन डोकी

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ताईचे पाय एका जागी ठरत नव्हते. अकराला मोठे साहेब येणार, वाटेल ती वायर स्वतःच्या हाताने उपटणार, आणि सर्व्हरवरून चालणाऱ्या, भिंतीवरच्या पडद्यावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा थांबला नाही तरच तिचा आराखडा मंजूर होणार!

ताई या इस्पितळाच्या सर्व्हर-रूमची इंजिनियर. सगळे तिला ताईच म्हणायचे, एकटा वायरमन सोडून. तो तिचा सख्खा मामा. त्याच्या लेखी बत्तीस वर्षांची ही बाई अजून चिमीच होती.

वाद होता स्विचवरून. स्विच म्हणजे सगळ्या मशिनींच्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. ती बंद पडली की कुणाचं कुणाला काही कळत नाही. म्हणून पेट्या दोन हव्यात, हे सगळ्यांना मान्य. पण जोडायच्या कशा? साहेबांना हवी होती सोपी रीत: दोघी मिळून एक करायच्या, दोघींना डोकं एकच. सांभाळायला बरं. जुनी जोडी तशीच होती. आणि गेल्या महिन्यात ताईने तिचं सॉफ्टवेअर बदललं, तशा दोघी एकदमच आडव्या झाल्या. सात मिनिटं! ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांसमोरचा एक्स-रे गायब. पेशंट सुखरूप राहिला म्हणून बरं, पण ताईच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

तिच्या आराखड्यात दोन पेट्यांना दोन डोकी. एकमेकींची खबर ठेवतील, पण एक पडली म्हणून दुसरी पडणार नाही. प्रत्येक सर्व्हरची एक वायर हिच्यात, एक तिच्यात. एरवी दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याला आपण नावं ठेवतो. इथे नेमकं तेच हवं होतं.

"कटकट वाढेल," साहेब म्हणाले होते.

"दाखवूनच देते," ताई म्हणाली होती.

शेवटची नजर टाकायला म्हणून ती पेट्या बसवलेल्या रॅकच्या मागे गेली आणि तिथूनच ओरडली.

"मामाऽऽ! हे काय करून ठेवलंस?"

मामा चष्मा कपाळावर सरकवत हसत हसत आला. "आवडलं ना? काल दुपारभर बसलो होतो. एक तरी वायर लोंबताना दिसते का बघ!"

दिसत नव्हती, हेच तर दुखणं! दोन्ही पेट्यांच्या विजेच्या वायरी त्याने गुण्यागोविंदाने एकत्र बांधल्या होत्या, दर चार बोटांवर पट्टी, आणि दोन्ही प्लग एकाच बोर्डात शेजारी शेजारी. भाचीच्या परीक्षेचा दिवस म्हणून जीव ओतून नटवलेलं काम. साहेबांनी तेवढा एक बोर्ड बंद केला असता तर सगळं मुसळ केरात!

"सोड हे सगळं."

"सोडू?" मामाचा चेहरा उतरला. "तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी बोट लावलं नाही, चिमे."

"पाया पडते तुझ्या. आज जरा गबाळं काम कर. ही वायर या भिंतीच्या बोर्डात, ती त्या भिंतीच्या. एकत्र बांधल्यास तर एकत्रच जातील रे!"

मामा फुगला. कात्री घेऊन तो एकेक पट्टी कापू लागला, प्रत्येक पट्टीला एक सुस्कारा. मग मध्येच थांबला.

"ही जाड वायर दोघींच्या मधली ना? हिच्यावरूनच खबर घेतात?"

"हो."

"आणि हीच तुटली तर? दोघींनाही वाटणार, दुसरी गेली, आता मीच मालकीण. दोघी हुकूम सोडत बसतील की!"

ताई बघतच राहिली. हा प्रश्न तिला पुस्तकं चाळून दोन आठवड्यांनी सुचला होता.

"म्हणून ही बारीक वायर वेगळ्या वाटेने नेलीय," ती म्हणाली. "हिच्यावरून एवढंच विचारायचं, आहेस ना? आहे म्हटलं की धाकटी गप्प बसते, थोरली काम बघते."

"हां!" मामाचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. "थांब, चिठ्ठ्या लावू दे मला." तो प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावत सुटला आणि प्रत्येकीला एकच प्रश्न, ही गेली तर? ही गेली तर? ताई उत्तरं देत होती आणि तिला भलताच हुरूप येत होता.

अकराला साहेब आले ते बाह्या सरसावूनच. सर्व्हरची एक वायर उपटली. काटा चालूच. ती परत लावून त्यांनी भिंतीवरचा बोर्ड खट्टकन बंद केला. एक पेटी काळीठिक्कर! काटा किंचित अडखळला आणि पुढे गेला. बोर्ड चालू करून पेटी जागी होईपर्यंत ते थांबले आणि मग मधली जाड वायर ओढली. धाकटी गप्प झाली, थोरलीने काम सांभाळलं. ताईला वाटलं, आता इथेच नाचावं.

"छान. आता शेवटची वायर," मधली वायर जागच्या जागी लावत साहेब म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "तुम्ही."

"मी?"

"हे सगळं कळतं कुणाला? तुम्हालाच ना? मग उद्या तुम्ही आजारी पडलात तर? फोन टेबलावर ठेवा आणि बाहेर जा, ताई."

तिने फोन टेबलावर ठेवला आणि ती दाराकडे निघाली. खरंच की! पेट्या दोन, बोर्ड दोन, वाटा दोन, आणि आपण एकटीच. चार वर्षांत सुट्टी नाही. बहिणीच्या लग्नातसुद्धा ती फोन कानाला लावून कोपऱ्यात उभी होती.

काचेच्या दाराबाहेरून तिला ऐकू काहीच येत नव्हतं. साहेबांनी एका भिंतीचा बोर्ड बंद केला आणि रॅकमागे वाकून दुसऱ्या पेटीतली सर्व्हरची वायरही उपटली. दोन्ही डगरी गेल्या. काटा थांबला.

तिचा हात दाराच्या मुठीवर गेला. तिने तो मागे घेतला आणि मोजू लागली. एक, दोन, तीन. आत मामाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बोट फिरवत चिठ्ठ्या वाचल्या. सात, आठ. तो खाली वाकला आणि उपटलेली वायर तिच्या जागी खोचली. दहा, अकरा.

काटा टुणकन पुढे उडाला!

"जमलं! जमलं!" ताई काचेवर दोन्ही हातांनी थापा मारत ओरडली, आणि कॉरिडॉरमधल्या दोन नर्स दचकून थांबल्या.

साहेबांनी दार उघडलं. "त्या दिवशी सात मिनिटं, आज अकरा सेकंद. आराखडा तुमचाच मंजूर. आणि सोमवारपासून आठ दिवस सुट्टी."

"पण साहेब, इथे..."

"जा गं बिनधास्त, मी आहे ना," मामा म्हणाला आणि कापलेल्या पट्ट्या गोळा करायला खाली बसला.

ताईला हसू आणि रडू एकदमच आलं. मग चार वर्षांत पहिल्यांदाच ती फोन टेबलावर तसाच ठेवून चहा प्यायला गेली.