नात्याचा रकाना

मी कृष्णाबाई, आगाशीची. तोंडाची फटकळ, सगळी आळी जाणते. खरं बोलायला मी कधी कोणाच्या बापाला भ्यायले नाही. एकदाच भ्यायले, ते सांगते.

माझी धाकटी बहीण सुनंदा. नवऱ्याने टाकल्यावर तिचं डोकं फिरलं. दोनदा विहिरीच्या काठावर धरली. खोटं कशाला बोलू, तेव्हा ती बरी नव्हतीच. आमच्या भावाने, तुळशीदासने, वसईच्या कोर्टात अर्ज केला. मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला आणि पोलिसांच्या गाडीतून ती वेड्यांच्या सरकारी इस्पितळात गेली. पंच्याण्णव साल होतं. नंतर मी दोनदाच जाऊन आले, याची लाज वाटते.

सहा वर्षांनी पत्र आलं: सुनंदा बरी झाली आहे, घरच्यांनी घेऊन जावं. मी नाचायचीच काय ती बाकी राहिले. तिला आणायला कागद लागेल म्हणून घरचं रेशनकार्ड बाहेर काढलं, तर त्यावर तिचं नावच नाही. तुळशीदास आधी मान वर करेना, मग ओकला. बापाची केळीची वाडी बिल्डरला विकायला माझ्यासारखीच सुनंदाचीही सही लागत होती, म्हणून या मेल्याने तलाठ्याकडे तिला मयत दाखवली होती. मी घातलेल्या शिव्या चार घरांनी ऐकल्या.

तो माझ्या पायाशी बसला.

"ताई, ती जिवंत आली तर मी आत जाईन. जागृतीचं लग्न महिन्यावर आलंय."

जागृती त्याची पोर. आई गेल्यावर माझ्याच मांडीवर वाढलेली.

तरी मी गेले. सुनंदा ऑफिसातल्या बाकावर कपड्यांचं गाठोडं बांधून बसली होती. केस नीट विंचरलेले. मला बघून तोंडभर हसली. क्लार्क म्हणाला, कार्डावर नाव नसलं तरी चालेल, नातं लिहून सही करा. कागद कोर्टात जाईल, घरची चौकशी होईल, मग सोडतील.

चौकशी म्हटल्यावर मी भ्यायले: तुळशीदासची लबाडी उघडी पडणार, जागृतीचं लग्न मोडणार.

"कोण लागता हिच्या?" त्याने विचारलं.

"शेजारीण."

क्लार्कने सुनंदाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडावरून तिला काय ते कळलं असावं.

"हो," ती म्हणाली, "या बाई शेजारच्याच. बघायला आल्यात बिचाऱ्या."

मग तिने गाठोडं उचललं आणि कोणी न सांगता आत निघून गेली.