जुन्या किल्लीचं नवं कुलूप

किल्लीवाल्याच्या स्वतःच्याच दाराचं कुलूप बिघडलं होतं. दिव्याखाली अंधार, असं शेजारी हसून म्हणायचे. पुढे त्यांनी हसणं सोडून दिलं. किल्ली अडकायची, दार खांद्याने ढकलावं लागायचं, तरी बायको कुलूप बदलू देत नव्हती. त्याची तिसरी किल्ली मुलाकडे होती.

मुलगा एका सकाळी घरातून गेला तो गेलाच. नदीवरच्या पुलाच्या कठड्यावर त्याचा चष्मा सापडला. नदी पालथी घातली, हाती काही लागलं नाही. खोलीत पाकीट होतं, फोन होता, फक्त किल्ली नव्हती. पोलिसांनी दोघांना एकाच टेबलाशी बसवून सगळं दाखवलं. दोघांपासून काही लपलेलं नव्हतं, आणि दोघांपैकी कोणी खुळंही नव्हतं. बायको तर शाळेत गणित शिकवायची.

तिचं म्हणणं, परत यायचं नसतं तर किल्ली कशाला नेली असती? आणि चष्म्याचं काय सांगता, पोरगं जन्माचं विसरभोळं, एकदा तो फ्रिजमध्ये सापडला होता. किल्लीवाल्याचं म्हणणं, किल्ली पॅंटच्या खिशातच असायची. ती त्याने नेली नाही, त्याच्याबरोबर गेली. शिवाय विसरलेला चष्मा उघडा पडलेला असतो. हा मिटून ठेवलेला होता, आणि चष्मा तो फक्त झोपताना मिटायचा.

चष्मा मिटलेला होता हे तिला मान्य होतं, फ्रिजचं त्याला. बेरीज मात्र दोघांची निराळी यायची. तिने मुलाला रोज सकाळी चहा पिताना, थट्टा करताना पाहिलं होतं. किल्लीवाल्याने रात्री पाणी प्यायला उठल्यावर मुलाच्या दाराखालचा उजेड पाहिला होता. हेही त्यांनी एकमेकांना सांगून झालं होतं. भांडले असते तर बरं, भांडण कधीतरी मिटतं. इथे एकाच घरात एक जण वाट बघत होती आणि एक जण रडून मोकळं व्हायलाही धजत नव्हता.

एका दुपारी कुलूप पुरतंच जाम झालं. ती शाळेतून येऊन जिन्यात अडकली. किल्लीवाल्याने दुकानातून येऊन ते तोडलं, तेव्हा ती पायरीवरच बसून राहिली.

"अहो, आता तो आला तर त्याची किल्ली लागायची नाही."

तो दुकानातून नवं कुलूप घेऊन आला, त्याचं पोट उघडलं आणि आपली जुनी किल्ली समोर धरून आतला एकेक खिळा कानशीने तिच्या दात्यांना जुळवत बसला. तिन्ही किल्ल्या सारख्याच होत्या, त्यानेच कापलेल्या. संध्याकाळी कुलूप दाराला बसलं. तिने आपली किल्ली फिरवली, दार अलगद उघडलं.

"म्हणजे तुम्हालाही वाटतं," ती म्हणाली. "येईल असं."

किल्ली हरवली की कुलूप बदलायचं, त्याच किल्लीचं पुन्हा बसवायचं नाही. कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. ही त्याच्या धंद्यातली पहिली अक्कल, सगळ्या गिऱ्हाइकांना तो हेच बजावायचा. स्वतःच्या दाराला त्याने ती लावली नाही, कारण ती तिसरी किल्ली कुठे आहे याची त्याला खात्री होती. तिथे कोणाचाही हात पोचणार नव्हता.

"नीट चालतंय ना?" त्याने विचारलं.

"चालतंय," ती म्हणाली आणि किती तरी दिवसांनी हसली. तो खाली वाकून कानशीचा कीस गोळा करत राहिला.