तिसरी हाक

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर फोनचं काही खरं नव्हतं. टेकाडावरच्या एका खडकावर तेवढं नेट यायचं. फागीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिची लेक चंद्रकला सासरहून आवाज भरून पाठवायची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचंही तसंच ठरलं होतं. लेकीनं निघताना आवाज पाठवायचा, आणि फागीनं नवऱ्याला, पोश्याला, घेऊन ओढ्यापाशी तिला वाहून न्यायची झोळी तयार ठेवायची. दिवस भरलेल्या पोरीला ती चढण कुठली झेपायला!

पण मोखाड्याच्या बाजारात मोर्चात दगड उडाले आणि सरकारनं नेट बंद केलं. का, तर अफवा पसरू नयेत. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याचं सरकारला काय! फागी रोज खडकावर जाऊन फोन उंच धरायची आणि तशीच परत यायची.

एका दुपारी ती आणि पोश्या खडकावरून उतरत होती, तर असं धुकं दाटलं की पुढची वाट दिसेना. तोच खालून, ओढ्याच्या अंगानं हाक आली, "आये!"

ओ फागीच्या अगदी ओठावर आली. पोश्यानं तिचं तोंड दाबलं.

"गप! तिसरी येऊं दे."

रानात तिसऱ्या हाकेआधी ओ देत नाहीत. माणूस तीनदा हाक मारतं, रानातलं भूतखेत मारत नाही. आणि त्याला ओ दिली की ते मागोमाग घरात शिरतं. फागीला हे तिच्या आईनं शिकवलं होतं.

"आये गं!" ही हाक बारीक होती.

"चंद्रकलाच हाय," फागी कुजबुजली.

"निरोप आलाय का तिचा? निरोपाबिगर येल कशी ती?"

फागीला ते पटलं. मेलं पटलं! दोघं कान देऊन उभी राहिली. पाण्याचा खळखळाट तेवढा येत होता. तिसरी हाक आलीच नाही, तशी दोघं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा रघ्या गुरं घेऊन उतरला. चंद्रकला ओढ्याच्या अलीकडे दगडाला टेकून बसलेली होती, गार पडलेली. पोटातलंही गेलं होतं. मुठीत फोन होता.

नेट सुरू झाल्याचं कळलं तेव्हा भिवंडीत कामाला अडकलेल्या जावयाला कळवायला म्हणून पोश्यानं फागीचा आणि लेकीचा असे दोन्ही फोन खडकावर नेले आणि शेजारी शेजारी ठेवले. फागी मागोमाग गेली. जरा वेळानं फागीचा फोन वाजला. पोश्यानं बोट लावलं.

"आये, जीपा बंद हायेत. चालत येतेय. पोटात दुखाय लागलंय. झोळी घेऊन ये लवकर..." मग नुसत्या धापा. आणि मग जीव एकवटून, "आये!"

लेकीच्या फोनात अडकून पडलेला आवाज हातभर अंतरावर पोचला होता. फागीनं ओढ्याकडे तोंड केलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "ओ! आले गं बाय!"

तेव्हापासून पाड्यावर कुणी हाका मोजत नाही. धुक्यातून "आये" ऐकू आलं की फागी पहिल्याच हाकेला ओ देते आणि दार उघडून ठेवते. जे कुणी असेल ते येऊ दे, म्हणते.