डाव्या बटणाची साक्ष

जरा वाकून बघा, या सीलबंद पिशवीतून मीच बोलतोय. मी गेम खेळायचा कंट्रोलर. रबर झिजलेलं, आणि डावीकडचं बटण अधू. दाबलं की क्षणभर उशिराच लागतं. पूर्वी मला त्याची लाज वाटायची. आता मुळीच वाटत नाही.

मला धाकट्याने जुन्या वस्तूंच्या दुकानातून घरी आणलं. त्याची थोरली बहीण, आमची ताई, मागच्या खोलीत गेम बनवत होती. ती प्रोग्रॅम लिहायची, तो चित्रं काढायचा. त्यांच्या गेममधली शेळी कड्यावरून कड्यावर उड्या मारत डोंगर चढायची. मान ताठ, हट्टी, थेट ताईवर गेलेली. असं धाकटा तोंडावर म्हणायचा आणि धपाटा खायचा.

त्या घरात कंट्रोलर मी एकटाच. शेळीची डावीकडची उडी नेहमी तोकडी पडायची आणि बिचारी दरीत जायची. दोष माझा होता, पण ताईला वाटलं आपलंच गणित चुकलं. तिने प्रोग्रॅममध्ये डावीकडची उडी थोडी लांब केली. औषध भलत्यालाच दिलं, पण गुण आला. शेळी झकास उडू लागली.

मग तो गेम त्यांनी एका मोठ्या कंपनीकडे पाठवला, अगदी प्रोग्रॅमसकट. भाबडेपणा, दुसरं काय! "आम्हाला रस नाही," असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा नवा गेम बाजारात आला. शेळीच्या जागी हरिण, कड्यांना वेगळा रंग, बाकी सगळं ओळखीचं.

ताईने दावा लावला. वकीलबाईंनी आधीच बजावलं, "उडीवर कुणाची मालकी नसते गं. त्यांनी तुझा प्रोग्रॅमच उचललाय, हे दाखवावं लागेल."

तेवढ्यात कंपनीचा निरोप आला: दावा मागे घ्या, गेमच्या शेवटी आभारात तुमची नावं घालतो.

धाकटा डळमळला. "घेऊन टाक ना, ताई. मोठ्यांशी कुठे डोकं आपटत बसायचं?"

"माझी शेळी पळवून तिला हरणाची शिंगं चिकटवली, आणि वर त्यांचे आभार मी घेऊ? हॅट!"

धाकटा वैतागला. बघू तरी काय दिवे लावलेत, असं पुटपुटत त्याने हरणाचा गेम लावला आणि मला हातात घेतलं. आता माझ्यावर कुठलाही दुसरा गेम खेळा, डावीकडे घोटाळा होणारच. गाड्या भिंतीवर आदळतात, शूर शिपाई खड्ड्यात पडतात. हरिण मात्र दोन्हीकडे सारखंच उडालं. धाकट्याचा अंगठा थांबला.

"ताई, अगं, या खटाऱ्यावर हे हरिण नीट कसं उडतंय?"

ताईने मला त्याच्या हातून हिसकावलं. खेळून पाहिलं. मग शेजारून चांगला कंट्रोलर मागून आणला. त्याच्यावर हरिण डावीकडे जास्तच लांब जात होतं, नेमकं शेळीइतकं. माझ्या खोडीसाठी केलेली तडजोड त्यांच्या गेममध्ये जशीच्या तशी उतरली होती. ताई हसता हसता रडायला लागली.

कोर्टात कंपनीचे वकील म्हणाले, "योगायोग आहे."

"मग तुमच्या हरणाला डावीकडेच लांब उडी कशासाठी लागली?" वकीलबाईंनी विचारलं. न्यायाधीशांनी मला स्वतः हातात घेतलं. उलटं धरलं, पण भरल्या कोर्टात हसायची कुणाची छाती होती? शेळीचा, हरणाचा आणि एक भलताच, असे तीन गेम त्यांनी खेळून पाहिले. आणि निकाल ताईच्या बाजूने लागला.

कंपनी गप्प बसणार थोडीच! ती वरच्या कोर्टात गेली आहे, आणि मी पुरावा म्हणून कोर्टाच्या या कपाटात आहे. परवा त्यांनी अर्ज केला: आमच्या माणसाला कंट्रोलर उघडून साफ करू द्या. साफ म्हणे! रबर तडकू दे, धूळ साचू दे, मला चालेल. माझं एकच मागणं आहे. या बटणाला कुणी हात लावू नका. शेवटचा निकाल लागला की खुशाल भंगारात टाका. तोवर मी असाच अधू राहणार, आणि विचारतील तितक्या वेळा खरं तेच सांगणार.