चौघांच्या वतीने खिडकीतून

आमच्या घरात वर्षअखेरच्या सुट्टीचा पहिला दिवस खिडकीतून साजरा होतो. हसू नका. एकतीस वर्षांपूर्वी त्याच दिवशी मी किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं. धंदा माझा लोकांची कुलपं उघडण्याचा, आणि हत्यारांची पेटी आत, ओट्याखाली. बायको पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग दोन्ही पोरं धरून आम्ही चौघं स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकामागोमाग एक आत पडलो. पुढच्या वर्षी मी मुद्दाम किल्ली आत ठेवून दार ओढलं. तेव्हापासून रीतच पडली. चपला बाहेर काढायच्या, मोठ्यांनी आधी शिरायचं आणि ओट्यावर पाय टेकला की खणखणीत आवाजात ‘मी आलो’ म्हणायचं.

पोरं नोकऱ्यांना लागली, लांब गेली, तरी या दिवसाला यायची. आधी दोन दिवस राहायची. मग एक दिवस. मग नुसती दुपार. गेल्या वर्षी पन्नास मिनिटं, त्यातली वीस गाडी लावायला जागा शोधण्यात गेली. यंदा धाकट्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं की दोनला येतो, ते खिडकीचं उरकून टाकू, चारची बस आहे. उरकून टाकू म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागापेक्षा भीती जास्त होती, खोटं कशाला बोलू. खिडकी बंद झाली की पोरांचं येणंही बंद होणार, हे मला दिसत होतं.

दोनला सगळे हजर झाले. बायकोने आधी कहर केला. मी दार ओढायच्या आतच ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली आणि म्हणाली, मी आत आहेच, आत असलेल्या माणसाने पुन्हा आत कशाला यायचं? तिचा गुडघा धरतो, तेवढं मी समजू शकतो. थोरलीचे गुडघे तर ठणठणीत आहेत. ती वकिलाच्या ऑफिसात कामाला आहे. तिने पर्समधून टाइप केलेला कागद काढला. मुखत्यारपत्र होतं ते. ‘माझ्या वतीने खिडकीतून प्रवेश करण्याचा संपूर्ण अधिकार मी माझ्या वडिलांना देत आहे.’ खाली तिची सही, साक्षीदार म्हणून जावई. जावई दातांचे डॉक्टर. त्यांनीही आपला कागद अदबीने पुढे केला. धाकट्याने मला शर्टाची इस्त्री दाखवली आणि तिसऱ्या कागदावर सही ठोकली.

मी भांडायला तोंड उघडलं होतं. पण भांडलो असतो तर तिघंही तिथूनच परत फिरली असती. म्हटलं, आणा इकडे ते कागद.

पहिल्यांदा मी माझा म्हणून गेलो, दारातून बाहेर आलो आणि दार पुन्हा ओढून घेतलं. दुसऱ्या खेपेला थोरली म्हणून उतरलो, तर बायको मान वर करून म्हणाली की किती वाळलीस गं, वेळेवर जेवतेस की नाही? माझं वजन ब्याण्णव किलो. मी म्हटलं, जेवते. तिसऱ्यांदा जावई म्हणून शिरलो, तेव्हा तिने हात पुसले, या बसा म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढे केला. सबंध संसारात तिने मला कधी ‘या बसा’ म्हटलेलं नाही. मला आवडलं ते. मी दोन मिनिटं ऐटीत बसलोसुद्धा.

साडेतीनला धाकटा म्हणून निघालो आणि अडकलो. कंबरेच्या वरचा आत, उरलेला बाहेर.

धाकट्याने पाय धरून ढकललं. बायकोने दार उघडलं तशी थोरली आत धावली आणि माझे हात ओढू लागली. जावयांनी मोबाइलचा उजेड पाडून सगळं नीट पाहिलं, थोडं दुखेल म्हणाले, आणि फारच दुखलं तर डावा हात वर करायला सांगितलं. तो हात थोरलीच्या ताब्यात होता. मग कुणीतरी तेलाची बाटली आणली. धाकट्याच्या इस्त्रीची पार वाट लागली. तेवढ्यात बाहेरून त्याने विचारलं की मग मी आत आलो की नाही? थोरली म्हणाली, कायद्याने अर्धाच. तो म्हणाला, डोकं आत म्हणजे माणूस आत. दोघं माझ्या या टोकाला आणि त्या टोकाला राहून कडाकडा भांडली, लहानपणी भांडायची तशीच, आणि भांडता भांडता थोरलीला असं हसू फुटलं की ती फरशीवरच बसली. जावईही हसले. मी त्यांना याआधी हसताना पाहिलेलं नव्हतं. चारला दहा कमी असताना धाकटा म्हणाला की आता मात्र मला निघायला हवं.

आता खरं सांगतो. जन्म कुलपांत गेलाय माझा, कुठे काय अडकलंय ते मला न बघता कळतं. पट्ट्याचं बक्कल चौकटीवरच्या कोयंड्यात गुंतलं होतं. बोटाने जरासं उचललं असतं तर मी केव्हाच आत पडलो असतो. पहिल्याच मिनिटाला मला हे कळलं होतं. मी नुसता कण्हत राहिलो.

तेवढ्यात बायको उठली. सरका म्हणाली, मला बघू द्या. तिचा हात माझ्या पोटाखालून चाचपत गेला आणि नेमका बक्कलावर थांबला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले होते, आणि ते काही दुखण्याने नव्हते. मी एवढंच पुटपुटलो, “पोरं चाललीत गं.”

तिने बक्कल अंगठ्याने दाबून कोयंड्यात आणखी घट्ट बसवलं. हाताचं तेल माझ्याच शर्टाला पुसलं आणि मोठ्याने म्हणाली, “हे काही आज सुटत नाहीत. उद्याची बस बघ रे.”

धाकट्याने माझे पाय सोडले आणि तिकीट रद्द करायला फोन काढला.