तेब्रोलेचा न उघडलेला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे, आणि रिकामा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बघायला येणारा प्रत्येक शहाणा पहिल्यांदा तेच विचारतो.

इमेरेती प्रांतातल्या वाझेबी गावात, तेब्रोलेच्या घरामागे, अक्रोडाच्या झाडाखाली मी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला आहे. वर दिसतं ते दगडी झाकण आणि त्यावरचा मातीचा लेप. कुंभाराने मला दीड महिना थोडं थोडं वाढवत नेलं, आठवडाभर भट्टीत भाजलं आणि गरम असतानाच आतून मेण फासलं. बैलगाडीतून येताना गाडीवानाने मला वाटभर शिव्या घातल्या, इतका मी जड. त्या शिव्या मला अजून आवडतात. नंतर पुष्कळांनी माझं कौतुक केलं, पण ते त्या शिव्यांइतकं खरं नव्हतं.

तेब्रोलेला एकच मुलगा, गोदेर्झी. द्राक्षांच्या हंगामाआधी तो माझ्या पोटात उतरायचा आणि चेरीच्या सालीच्या घासणीने मला घासायचा. घासताना गायचा. गळा भसाडा, पण माझ्या पोटात कुणीही गायलं तरी आवाज भरदार होतो.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकते रे बाबा, पलीकडचं गावही ऐकतंय. तोंड आवर आणि तळ घास!"

एकेचाळीस साली लढाई आली. ज्यांनी ती लावली त्यांना वाझेबी कुठे आहे हे माहीतही नव्हतं. गोदेर्झीला बोलावणं आलं तेव्हा त्या वर्षीचा रस माझ्या पोटात खदखदून शांत झाला होता. त्याने झाकण बसवलं, वर माती लिंपली आणि त्या ओल्या मातीत आपला पंजा उमटवला.

"मी आल्यावर उघडू," तो म्हणाला. "तोवर माती ओली ठेव, आई."

तेब्रोले दर आठवड्याला माझ्यावर तांब्याभर पाणी घालू लागली. माती सुकली की तडकते, तडकली की आत हवा जाते, हवा गेली की वाइन संपली. पण मित्रांनो, त्याच पाण्याने पंज्याच्या रेघा पुसट होऊ लागल्या. पाणी थांबवावं तर वाइन जाणार, घालावं तर मुलाचा हात जाणार. तिने पाणी घातलं. दुसऱ्या वर्षी तिथे नुसता खळगा उरला, तेव्हा ती त्या खळग्यात स्वतःचा पंजा ठेवू लागली.

त्रेचाळीस साली कागद आला: बेपत्ता. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. लिहिणाऱ्याने एका शब्दात हात झटकले.

आमच्याकडे जिवंत माणसाच्या नावाने पेला उचलतात आणि पितात. मेलेल्याच्या नावाने भाकरीवर थेंब ओततात. लढाईने ज्यांची माणसं नेली अशा वाझेबीच्या अकरा बायकांनी एकेक करत भाकरीवर थेंब ओतले. तेब्रोलेने ओतला नाही.

शेजारची देस्पिने त्या अकरांतली. तिचा नवरा लढाईत गेला होता. जिभेने ती कुऱ्हाड होती.

"अगं, शिरका झाला असेल त्याचा," ती कुंपणावरून ओरडायची. "उघड, निदान काकड्या तरी मुरवू!"

"तुझी जीभ बुडव त्यात. तीच जास्त आंबट आहे," तेब्रोले म्हणायची, आणि माती थोपटायची.

अशी वीस वर्षं गेली. मग गावात सिनेमावाले आले. दिग्दर्शकाचं नाव ओतिया. बाप त्याचाही लढाईतून परतला नव्हता. तो तासन् तास धुक्याकडे, भिंतींकडे, म्हाताऱ्यांच्या हातांकडे बघत बसायचा.

"तीन दिवस झाले, माझ्या गाढवाकडे बघतोय," देस्पिने म्हणाली. "गाढव आता लाजायला लागलंय."

गोदेर्झीची गोष्ट ऐकून ओतियाने सिनेमाचा शेवट माझ्याभोवती रचला होता. पण त्याच्याबरोबर शहरातून एक साहेब आला होता. गोष्ट सरकारच्या पसंतीला उतरते की नाही हे बघणं त्याचं काम. त्याने शेवट बदलून आणला: विजय होतो, मुलगा परततो, आई रांजण उघडते, गाव नाचतं.

"मावशी," ओतिया खाली मान घालून म्हणाला, "झाकण उघडावं लागेल."

"माझा मुलगा आलाय का?"

"सिनेमात येतो, मावशी."

"मग सिनेमातला रांजण उघड." आणि ती माझ्या झाकणावर बसली.

"आजी, तुमच्या मुलाचाच मान आहे हा," साहेब म्हणाला. "सगळा देश बघेल."

"देशाने त्याला नेला तेव्हा पाहिलं नाही. आता काय बघतो?"

साहेबाने देस्पिनेचा रांजण उघडायला लावला. रांजण रांजणासारखाच दिसतो म्हणे. मक्याच्या भाकऱ्या आणि चीज मांडलं. अकरा बायकांना नवी ओढणी दिली, बाराव्या तेब्रोलेलाही आणून बसवलं, आणि बजावलं: पेले उचला, हसा, प्या.

कॅमेरा सुरू झाला. देस्पिनेने पेला उचलला. थांबली. मग भाकरी जवळ ओढली आणि त्यावर थेंब ओतले.

"सिलोव्हान," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याचं नाव.

शेजारणीने ओतले. तिच्या शेजारणीने ओतले. अकरा भाकऱ्या लाल झाल्या.

"हसा!" साहेब किंचाळला. "बायांनो, विजय झालाय!"

"झाला ना," देस्पिने म्हणाली. "त्याचीच किंमत मोजतोय. मध्ये बोलू नका, नाव चुकेल."

मग सगळ्या तेब्रोलेकडे वळल्या. तिच्या पुढ्यात भरलेला पेला आणि कोरडी भाकरी. वीस वर्षं जिने टोमणे मारले त्या देस्पिनेने तिची भाकरी उचलून फडक्यात बांधली आणि बाजूला ठेवली.

"ही ओतणार नाही," ती साहेबाला म्हणाली. "हिच्यावर जबरदस्ती करायची तर आधी माझ्याशी गाठ."

तेब्रोले उठली, तांब्या घेऊन माझ्याकडे आली, मातीवर पाणी घातलं आणि खळग्यात पंजा ठेवला. ओतियाने कॅमेरा थांबवला नाही. साहेब त्याची बाही ओढत होता, तरी नाही.

शहरात तो सगळा भाग कापला गेला. त्याजागी भाडोत्री नाचणारे घातले. सिनेमा गावात आला तेव्हा भर दुपारी सभागृहाच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगून दाखवला. परक्या पोरी हसत नाचू लागल्या तशी देस्पिने ओरडली, "ह्या कुणाच्या गं? हिला तर द्राक्ष कुठलं नि मनुका कुठला तेही कळत नाही!"

तेव्हा मागे उभ्या असलेल्या ओतियाने कोटातून एक पत्र्याचा डबा काढला. कापलेली फीत त्याने वाचवली होती, तीच आता पडद्यावर लावली. सभागृहात कुणी हुंदका दिला नाही. पडद्यावर नाव आलं की सगळं गाव ते नाव मोठ्याने म्हणायचं. त्या डब्यापायी ओतियाला आठ वर्षं सिनेमा मिळाला नाही. ट्रॅक्टरांची चित्रं काढत हिंडला. तो एकदा मला भेटायला आला होता. पश्चात्तापाचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

तेब्रोले वारली, तेव्हा गाव म्हणालं, आता तरी उघडा. तिच्याच दुखवट्याच्या जेवणाला लागेल. देस्पिने उठली. विहिरीवर गेली, तांब्या भरून आणला.

आता काळ बदलला. कापलेला भाग परत जोडलाय म्हणे. शहरातून माणसं येतात, गळ्यात कॅमेरे, डोळ्यांत पाणी. हाच तो रांजण, म्हणतात. मग हळूच विचारतात, "आजी, थोडं उघडून बघायचं का? इतिहास आहे हा."

ऐंशीची देस्पिने माझ्या झाकणावर ठाण मांडून बसते.

"शिरका झालाय त्याचा," ती म्हणते. "आणि तो उघडायचा हात अजून आलेला नाही. चला, निघा."

मित्रांनो, आत काय आहे ते मला माहीत आहे. सांगणार नाही. मला हार घालू नका, माझ्यावर पाटी ठोकू नका. ज्याने कुणाला बेपत्ता लिहिलं, त्याला जाऊन विचारा, तो बेपत्ता माणूस कुठे आहे. उत्तर मिळेपर्यंत माझ्यावरची माती सुकू देऊ नका. देस्पिनेचे गुडघे आता दुखतात. तांब्या तिथेच अक्रोडाखाली ठेवलेला आहे.